ललितेतर मराठी पुस्तकांचा ऑनलाइन प्रसार

इतिहास, चरित्र, आत्मकथन, शेती, अर्थकारण, विज्ञान, समाजचिंतन इत्यादी विषयांवरील मराठी पुस्तकांची माहिती, परीक्षणे, उतारे किंवा संपूर्ण मजकूर लेखक, वाचक, प्रकाशक आणि स्वयंसेवी संपादक आंतरजालावरून एकमेकांपर्यंत पोहोचवितात. या व्यवहारास ललितेतर मराठी पुस्तकांचा ऑनलाइन प्रसार असे म्हणता येईल. यात दोन निराळ्या गोष्टी एकत्र आलेल्या दिसतात. एक, पुस्तकाची वार्ता पसरविणे. दुसरी, पुस्तकाची प्रत पसरविणे. पहिलीला कोणाचीही परवानगी लागत नाही, दुसरीला बहुतेक वेळा लागते. हा भेद वाचकांच्या आणि पुष्कळदा लेखकांच्याही ध्यानात नसतो. त्यामुळे एकीकडे चालू आवृत्तीतील पुस्तकांच्या पीडीएफ प्रती सर्रास फिरतात, तर दुसरीकडे कायद्याने खुली झालेली, किंवा वारसांच्या एका पत्राने खुली होऊ शकणारी पुस्तके कपाटात पडून राहतात. पुण्या-मुंबईच्या ग्रंथबाजारापासून दूर असलेल्या मराठवाड्यासारख्या प्रदेशात या विसंगतीचा परिणाम अधिक जाणवतो.

संज्ञा आणि व्याप्ती

कथा, कादंबरी, कविता, नाटक व ललित निबंध यांखेरीजच्या लेखनास मराठीत ‘ललितेतर’ किंवा ‘वैचारिक व माहितीपर’ वाङ्मय म्हणतात. सीमारेषा नेहमीच स्पष्ट नसते. दया पवार यांचे ‘बलुतं’ किंवा लातूर जिल्ह्यातील लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ ही आत्मकथने वाङ्मयीन कृती म्हणून वाचली जातात, तशीच समाजेतिहासाची साधने म्हणूनही अभ्यासली जातात. प्रस्तुत लेखात आत्मकथनांचा समावेश ललितेतर पुस्तकांत केला आहे.

ललितेतर पुस्तकाचा वाचक बहुधा विषय शोधत येतो. त्याला सोयाबीनवरील रोग, हैदराबाद संस्थानातील एखादी घटना, किंवा परीक्षेच्या अभ्यासक्रमातील एखादा मुद्दा हवा असतो. लेखकाचे नाव त्याला ठाऊक असतेच असे नाही. म्हणूनच शोधयंत्रात सापडणारा मजकूर कादंबरीपेक्षा या प्रकारच्या पुस्तकाला अधिक उपयोगी पडतो. अशा पुस्तकाचे एखादे प्रकरण स्वतंत्रपणे वाचता येते, हीदेखील सोयीचीच बाब आहे.

पूर्वपरंपरा

लेखकाने स्वतः पुस्तकासाठी वाचक मिळवीत फिरणे मराठीला नवे नाही. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’साठी मर्यादित कंपनी स्थापून भाग विकले, आगाऊ वर्गणीदार मिळविले आणि त्यासाठी गावोगाव हिंडण्याचे कष्ट घेतले. २३ खंडांचा हा प्रकल्प अशा आगाऊ आश्वासनांवर उभा राहिला. आज एखादा लेखक समाजमाध्यमावर ‘प्रकाशनपूर्व सवलत’ जाहीर करतो, तेव्हा तो याच मार्गाने जात असतो. मनिऑर्डरच्या जागी यूपीआय आले, एवढाच फरक.

परीक्षणांची परंपरा त्याहून जुनी आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या ‘निबंधमाले’च्या (१८७४) पूर्वीच ‘विविधज्ञानविस्तार’ (१८६७) या मासिकाने पुस्तकपरीक्षणाचा पायंडा पाडला होता. १९६४ मध्ये सुरू झालेल्या ‘ललित’ मासिकाने नव्या पुस्तकांची वार्ता लहान गावांतील ग्रंथालयांपर्यंत नेली. १९७४ मध्ये स्थापन झालेल्या ‘ग्रंथाली’ने वाचकांनाच सभासद करून घेतले आणि ‘बलुतं’ (१९७८) व ‘उपरा’ (१९८०) यांसारखी पुस्तके सवलतीत त्यांच्या हाती दिली. ‘ग्रंथाली’च्या संस्थापकांपैकी दिनकर गांगल यांनी पुढे महाराष्ट्राविषयीच्या माहितीचे संकेतस्थळ उभारण्याच्या कामात पुढाकार घेतला. वाचक चळवळ आणि आंतरजाल यांच्यातील हा दुवा अनेकांच्या नजरेतून सुटतो.

अक्षरांची अडचण

मराठी पुस्तके ऑनलाइन येण्यास उशीर झाला तो केवळ अनास्थेमुळे नव्हे. १९९० च्या दशकापासून मराठी पुस्तके संगणकावर जुळविली जाऊ लागली, पण त्यासाठी वापरलेल्या श्रीलिपी, आकृती यांसारख्या प्रणालींची अंतर्गत सांकेतिक मांडणी एकमेकींशी जुळत नव्हती. छापील पानावर ‘शेतकरी’ दिसणारा शब्द दुसऱ्या संगणकावर रोमन अक्षरे व चिन्हे यांची खिचडी होऊन उघडे. प्रकाशकाकडे फाइल होती, पण ती वाचता किंवा शोधता येत नव्हती. प्रत्येक अक्षराला एकच जागतिक संकेत देणाऱ्या युनिकोड पद्धतीचा प्रसार झाल्यावर ही अडचण नव्या पुस्तकांपुरती सुटली. जुन्या फाइलींसाठी परिवर्तक साधने निघाली, तरी रफार, जोडाक्षरे व अनुस्वार यांच्या जागा चुकतात आणि मुद्रितशोधन पुन्हा करावे लागते.

त्याआधीची, खिळ्यांच्या जुळणीची पुस्तके पानापानाने स्कॅन करावी लागतात. स्कॅन केलेले पान म्हणजे केवळ छायाचित्र. त्यातील शब्द शोधता येत नाही. चित्रातून अक्षरे ओळखणारी ओसीआर प्रणाली देवनागरीसाठी २०१५ च्या सुमारास सर्वसामान्यांना उपलब्ध झाली. तिची अचूकता चांगल्या छपाईवर समाधानकारक असली, तरी पिवळ्या पडलेल्या कागदावर ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांची अदलाबदल होते. ‘धन’चे ‘घन’ झाल्यास वाक्याचा अर्थच पालटतो. इतिहासाच्या पुस्तकात अंक चुकल्यास तर चुकीचा सनच प्रमाण मानला जाण्याचा धोका असतो.

‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ या शासकीय प्रकल्पात स्कॅन झालेली हजारो भारतीय पुस्तके पुढे ‘इंटरनेट अर्काइव्ह’वर ठेवली गेली, त्यांत मराठी पुस्तकांची संख्या मोठी आहे. मात्र त्यांची नोंद रोमन लिपीत आणि फार अशुद्ध झालेली आहे. शीर्षक देवनागरीत टंकून शोधणाऱ्यास ही पुस्तके सहसा सापडत नाहीत. पाने गळालेली असणे, एखादे पान उलटे असणे हे प्रकारही आढळतात. पुस्तक उपलब्ध असूनही अनुपलब्ध असण्याचे याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण.

प्रसाराचे मार्ग

१९९६ मध्ये सुरू झालेले ‘मायबोली’ हे परदेशस्थ व देशस्थ मराठी भाषकांना जोडणारे आरंभीचे संकेतस्थळ होय. तेथे व त्यानंतरच्या स्थळांवर वाचक पुस्तकांविषयी लिहू लागले. ‘बुकगंगा’सारख्या संकेतस्थळांनी छापील पुस्तके व ई-पुस्तके यांची विक्री सुरू केली. ‘ई साहित्य प्रतिष्ठान’ने लेखकांच्या संमतीने विनामूल्य ई-पुस्तके वितरित केली. २०१६ च्या अखेरीस किंडलवर मराठी पुस्तकांचा विभाग सुरू झाला आणि २०१७ मध्ये स्टोरीटेलने भारतात मराठी श्राव्य पुस्तके आणली. त्याच सुमारास, सप्टेंबर २०१६ नंतर, मोबाइलवरील डेटा एकदम स्वस्त झाला. तालुक्याच्या व खेड्यांच्या पातळीवर खरा बदल घडला तो या शेवटच्या कारणाने. व्हॉट्सॲप गट हेच तेथील बहुसंख्य वाचकांचे वाचनालय बनले.

शासकीय व सार्वजनिक संस्थांचे काम तुलनेने कमी गाजले, पण ललितेतर वाचनाच्या दृष्टीने ते अधिक मोलाचे आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने (स्थापना १९६०) आपली अनेक प्रकाशने संकेतस्थळावर विनामूल्य ठेवली आहेत. मराठी विश्वकोशाचे खंड २०११ पासून ऑनलाइन वाचता येतात. केतकरांचा ज्ञानकोशही संकेतस्थळरूपाने उपलब्ध आहे. ‘साधना’ साप्ताहिकाचे जुने अंक संकेतस्थळावर मिळतात. ही सारी सामग्री कायदेशीर, मोफत आणि संपादित असूनही पीडीएफच्या शोधात असलेल्या विद्यार्थ्यास तिची कल्पना नसते, असा अनुभव येतो.

मराठी विकिस्रोत

मराठी विकिस्रोत हे विकिपीडियाचे भगिनी संकेतस्थळ आहे. तेथे प्रताधिकारमुक्त किंवा खुल्या परवान्याखाली दिलेल्या पुस्तकांचा शोधता येण्याजोगा मजकूर तयार केला जातो. पुस्तकाचे स्कॅन चढविल्यावर प्रत्येक पानाची डावीकडे अक्षरे व उजवीकडे चित्र अशी जोडी दिसते. एक स्वयंसेवक मजकूर तपासतो तेव्हा पानाचा रंग तांबड्याचा पिवळा होतो. दुसऱ्याने पडताळल्यावर तो हिरवा होतो. स्वतः तपासलेले पान त्याच व्यक्तीला हिरवे करता येत नाही. मुद्रितशोधनाची ही शिस्त अनेक छापखान्यांतही पाळली जात नसे.

शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी (१९३५–२०१५) यांची ‘अंगारमळा’, ‘चांदवडची शिदोरी’ आदी पुस्तके विकिस्रोतावर आहेत. अंबाजोगाई येथील लेखिका व कार्यकर्त्या शैला लोहिया (निधन २०१३) यांची ‘भूमी आणि स्त्री’सह अनेक पुस्तकेही तेथे वाचता येतात. दोघांचेही लेखन अद्याप प्रताधिकाराच्या मुदतीत आहे. संबंधितांनी ते खुले केले म्हणूनच हे शक्य झाले. शेतीच्या अर्थकारणावरील व ग्रामीण स्त्रियांच्या जीवनावरील ही पुस्तके ज्यांच्याविषयी लिहिली, त्यांच्या मोबाइलवर ती आता एका शोधासरशी उघडतात.

यासाठी क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना द्यावा लागतो. त्यानुसार श्रेय देऊन कोणीही मजकूर वापरू शकतो, अगदी छापून विकूही शकतो, आणि एकदा दिलेला परवाना मागे घेता येत नाही. अनेक लेखक येथेच थबकतात. त्यांची भीती अनाठायी म्हणता येणार नाही. चालू आवृत्ती विकली जात असेल तर परवाना न देणेच शहाणपणाचे ठरते. परंतु ज्या पुस्तकाची आवृत्ती तीस वर्षांत निघाली नाही, त्याच्या बाबतीत गमावण्यासारखे काय उरते, हा प्रश्न वारसांनी स्वतःस विचारावा असा आहे.

प्रताधिकाराची मुदत व करार

प्रताधिकार अधिनियम, १९५७ नुसार लेखकाच्या हयातीत व मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षाच्या आरंभापासून ६० वर्षे प्रताधिकार टिकतो. पूर्वी ही मुदत ५० वर्षांची होती. रवींद्रनाथ टागोरांच्या लेखनाची मुदत १९९१ अखेर संपत असताना ती वाढविण्यात आली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर (निधन १९५६) यांच्या हयातीत प्रकाशित झालेल्या लेखनाचा प्रताधिकार २०१६ अखेर संपला. जोतीराव फुले, आगरकर, टिळक, राजवाडे, केतकर यांचे लेखन केव्हाच मुक्त झाले आहे. इरावती कर्वे (निधन १९७०) यांचे १ जानेवारी २०३१ रोजी होईल. मूळ लेखन मुक्त झाले तरी नव्या आवृत्तीतील संपादकाची प्रस्तावना व टिपा यांचा हक्क स्वतंत्र असतो, अनुवादाचाही.

करारासंबंधीच्या तरतुदी याहून कमी माहीत आहेत. हक्काचे हस्तांतरण लेखी व हक्कदाराच्या सहीचे असावे लागते. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची मानली जाते. हक्क घेणाऱ्याने वर्षभरात त्याचा वापर केला नाही, तर करारात अन्यथा नमूद नसल्यास त्यापुरते हस्तांतरण संपुष्टात येते. करार झाला तेव्हा जे माध्यम अस्तित्वातच नव्हते, ते करारात स्पष्ट लिहिल्यावाचून समाविष्ट होत नाही, असे २०१२ च्या दुरुस्तीने म्हटले आहे. मराठीत तोंडी शब्दावर किंवा चार ओळींच्या पत्रावर असंख्य पुस्तके छापली गेली. त्यांपैकी अनेकांचे हक्क आज प्रकाशकाकडे नसून लेखकाच्या मुलानातवंडांकडे असण्याची शक्यता आहे, आणि त्यांना त्याची जाणीव नसते. लेखकास लेखी सूचनेद्वारे आपला प्रताधिकार सोडून देण्याची मुभाही अधिनियमाच्या कलम २१ मध्ये आहे.

परीक्षण किंवा टीका करताना उतारा देण्यास परवानगी लागत नाही. ‘दहा टक्के मजकूर चालतो’ ही विद्यार्थ्यांत प्रचलित असलेली समजूत मात्र निराधार आहे; कायद्यात असे प्रमाण दिलेले नाही. ‘शैक्षणिक उपयोगासाठी’ असे शीर्षक देऊन संपूर्ण पुस्तक गटावर टाकल्याने ते वैध ठरत नाही. उल्लंघनास किमान सहा महिने ते तीन वर्षे कारावास व ५० हजार ते दोन लाख रुपये दंड अशी शिक्षा आहे. मात्र ते व्यापारी लाभासाठी नसल्यास न्यायालय कारणे नमूद करून शिक्षा कमी करू शकते. दृष्टिबाधित वाचकांसाठी सुगम स्वरूपात प्रत तयार करण्यास मात्र २०१२ पासून कायदेशीर सूट आहे, आणि त्यासंबंधीच्या मराकेश कराराला मान्यता देणारा भारत हा पहिला देश होय (२०१४).

मराठवाड्यातील स्थिती

निजामी राजवटीत शासनव्यवहाराची भाषा उर्दू होती व सभा-संमेलनांवर निर्बंध होते. अशा काळात मराठी वाचनालय चालविणे हीच एक सार्वजनिक कृती होती. मराठवाडा साहित्य परिषदेची स्थापना १९४३ ची. पुढे महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ नुसार अ, ब, क, ड वर्गांतील अनुदानित ग्रंथालये गावोगाव उभी राहिली. परंतु पुस्तकविक्रीची दुकाने त्या प्रमाणात वाढली नाहीत. लातूर–नांदेड मार्गावरील अहमदपूरसारख्या तालुक्याच्या ठिकाणी दुकानात मिळतात ती मुख्यतः पाठ्यपुस्तके, मार्गदर्शिका आणि स्पर्धा परीक्षांची पुस्तके. पुण्याचा अप्पा बळवंत चौक तेथून सुमारे चारशे किलोमीटरवर आहे. २२ ते २४ एप्रिल २०२२ रोजी शेजारच्या उदगीर येथे ९५ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा या परिसरातील वाचकांना मोठे ग्रंथप्रदर्शन घराजवळ पाहावयास मिळाले. असा योग वारंवार येत नाही.

ऑनलाइन प्रसारामुळे अंतराची ही अडचण अर्धीच दूर झाली. पुस्तकाची वार्ता अहमदपुरात आता पुण्याइतक्याच वेळात पोहोचते. पुस्तक पोहोचत नाही, किंवा पुस्तकाच्या किमतीच्या मानाने अवाजवी टपालखर्चाने पोहोचते. दीडशे रुपयांच्या पुस्तकावर पन्नास-साठ रुपये खर्च होऊ लागला की वाचक पीडीएफची वाट पाहतो. डाक विभागाची सवलतीची नोंदणीकृत बुक पोस्ट सेवा डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाल्यावर लहान प्रकाशकांनी नाराजी व्यक्त केली. १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ ही सेवा सुरू झाली असून तिचे दर ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये व पाच किलोपर्यंत १०० रुपये, अधिक कर, असे ठेवण्यात आले. बेकायदेशीर प्रतींविरुद्धच्या चर्चेत कायद्याचा उल्लेख नेहमी होतो, टपालदराचा क्वचित.

या प्रदेशाच्या वैचारिक वाङ्मयाबाबत आणखी एक अडचण आहे. मराठवाड्याचा आधुनिक इतिहास ज्यांनी घडविला व लिहिला, ते लेखक तुलनेने अलीकडचे आहेत. स्वामी रामानंद तीर्थ यांचे निधन १९७२ मध्ये झाले. त्यांचे लेखन २०३२ अखेरपर्यंत संरक्षित आहे. नांदेडचे नरहर कुरुंदकर १९८२ मध्ये अकाली गेले. ‘जागर’ व ‘शिवरात्र’ यांचा प्रताधिकार २०४२ अखेर संपेल. ‘मराठवाडा’ पत्राचे संपादक अनंत भालेराव (निधन १९९१) यांच्या हैदराबाद मुक्तिसंग्रामावरील ग्रंथाची मुदत २०५१ अखेर, आणि निलंगा येथे जन्मलेले इतिहासकार सेतुमाधवराव पगडी (निधन १९९४) यांच्या लेखनाची २०५४ अखेर पूर्ण होईल. म्हणजे पश्चिम महाराष्ट्रातील एकोणिसाव्या शतकातील प्रबोधनाचे ग्रंथ विद्यार्थ्यास मोफत व कायदेशीर मिळतात; त्याच्या स्वतःच्या जिल्ह्याचा विसाव्या शतकातील इतिहास मात्र विकत घ्यावा लागतो, आणि आवृत्ती संपली असेल तर विकतही मिळत नाही.

दरवर्षी १७ सप्टेंबरच्या सुमारास मुक्तिसंग्रामाविषयीचा मजकूर गटागटांतून फिरतो. त्यातील बराचसा कोणत्या ना कोणत्या ग्रंथातून उचललेला असतो, पण ग्रंथाचे व लेखकाचे नाव गळालेले असते. काही वेळा भलत्याच लेखकाचे नाव जोडलेले आढळते. उताऱ्याखाली पुस्तकाचे नाव, प्रकाशक व पृष्ठांक लिहिण्यास कसलाही खर्च नाही. तेवढे केले तरी उताऱ्याचा वाचक पुस्तकापर्यंत जाऊ शकतो.

टीका व आक्षेप

टाळेबंदीच्या काळात, २०२० मध्ये, ग्रंथालये व दुकाने बंद असताना पुस्तकांच्या पीडीएफ प्रतींचा सुळसुळाट झाला आणि मराठी प्रकाशकांनी त्याविरुद्ध आवाज उठविला. त्यांचे म्हणणे असे की, हजार-पाचशे प्रतींच्या आवृत्तीवर चालणाऱ्या ललितेतर पुस्तकाचा खर्च शंभर प्रतींच्या विक्रीवर अवलंबून असतो. वाचकांच्या बाजूने असे सांगितले जाते की, प्रकाशक अनेक पुस्तकांची ई-आवृत्ती काढतच नाहीत. छापील पुस्तक वस्तू व सेवा करातून मुक्त आहे, तर छापील आवृत्ती असलेल्या ई-पुस्तकावर २०१८ पासून पाच टक्के कर आहे; तत्पूर्वी तो १८ टक्के होता. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे.

दुसरा आक्षेप परीक्षणांच्या दर्जाविषयीचा आहे. समाजमाध्यमावर लेखक स्वतःच आपल्या पुस्तकाची प्रसिद्धी करतो आणि परीक्षण लिहिणारा बहुधा त्याच्या परिचयाचा असतो. परिणामी परीक्षण व अभिनंदनपत्र यांतील अंतर फारसे राहत नाही. मुखपृष्ठाचे छायाचित्र आणि ‘संग्राह्य’, ‘वाचनीय’ ही दोन विशेषणे एवढ्यावर पुस्तकाची ओळख संपते. कादंबरीच्या बाबतीत हे चालून जाईल. पण माहितीपर पुस्तकातील सन, आकडे व विधाने तपासता येतात आणि तपासली गेली पाहिजेत. चुका दाखविणारे परीक्षण लेखकास पुढील आवृत्तीत दुरुस्ती करण्याची संधी देते, आणि ऑनलाइन माध्यमात वाचकांच्या दुरुस्त्या एकत्र करणे छापील काळापेक्षा पुष्कळ सोपे झाले आहे. काही लेखक आपल्या पुस्तकाचे शुद्धिपत्र ऑनलाइन प्रसिद्ध करून ते वेळोवेळी अद्ययावत ठेवतात. मराठीत ही प्रथा अजून विरळ आहे.